कोरडा वाटला तरी

आक्कांचा वापरलेला पॅड मी टेबलावर उताणा ठेवला आणि कटरनं मधोमध चिरला. प्रयोगशाळा म्हणावी अशी ती खोली नव्हतीच. इचलकरंजीतल्या जुन्या मागांच्या शेडचा एक कोपरा पत्रे ठोकून वेगळा केला होता. त्यात एक तराजू, एक सिंक, मिठाच्या पाण्याचे कॅन आणि मी. रोज सकाळी आमचे मालक भूपालदादा चौगुले यांच्या घरून एक बंद पिशवी यायची. अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या आईनं, म्हणजे आक्कांनी, रात्री वापरलेला लघवीचा पॅड तिच्यात असायचा. त्याचं वजन करायचं, तो चिरायचा आणि ओल आत कुठवर पोचली ते बघायचं, हे माझं काम. मला बघायला येणाऱ्या मंडळींना माझी आई मी टेक्स्टाईल इंजिनिअर आहे एवढंच सांगायची. पुढचं सांगितलं असतं तर पोह्यांना कुणी हात लावला नसता.

त्या दिवशीचा पॅड उत्तम होता. पुढून मागेपर्यंत ओल सारखी पसरली होती, वरचं कापड बोटाला कोरडं लागत होतं आणि कडेला थेंबही सुटला नव्हता. अशा पॅडच्या पोटात लाकडाच्या लगद्याचा कापूस असतो. आम्ही त्याला फ्लफ म्हणतो. त्या फ्लफमध्ये पिठीसाखरेसारखी दिसणारी एक पावडर पेरलेली असते, ती पाणी पिते आणि फुगते. पण सगळी पावडर एकाच जागी फुगली की तिचा गच्च गोळा होतो आणि मागून येणारी ओल तिथंच तुंबते. पावडर कुठल्या थरात पेरायची, फ्लफ कुठं दाबायचा आणि कुठं मोकळा सोडायचा, या खटपटीत माझं अख्खं वर्ष गेलं होतं. आता कुठं तो रात्रभर टिकायला लागला होता. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

मग मला मागच्या बाजूचा डाग दिसला.

बोराएवढा असेल. मध्ये तपकिरी, कडेनं पिवळट. लघवी आत उतरते, हे मात्र वरच्या कापडावरच साकळून बसलं होतं. मी वाकून वास घेतला. या कामात नाक मुरडून भागत नाही. वास लघवीचा नव्हता. काहीतरी नासल्यासारखा, किंचित गोडसर वास होता.

आदल्या दिवशीची पिशवी अजून कचऱ्यात गेली नव्हती. ती सोडली. तिच्यातल्या पॅडवरही त्याच जागी डाग होता, जरा लहान. आदल्या दिवशी मी तो पॅड पुढून चिरला होता, कारण मला पुढचा भागच बघायचा होता.

तेवढ्यात दार ढकलून भूपालदादा आत आले. उंच, गोरे, पांढरा शर्ट कायम इस्त्रीचा. हातात प्लॅस्टिकचं एक गुळगुळीत पाकीट होतं.

"शैलजा, हे बघ! छपाईवाल्यानं नमुना पाठवलाय."

पाकीट निळं होतं. मधोमध आक्कांचा फोटो. पांढऱ्या लुगड्यातल्या आक्का खुर्चीत बसल्यात, खांद्यावर दादांचा हात, आणि खाली मोठ्या अक्षरांत छापलेलं, ‘एका मुलानं आईसाठी बनवलेला’.

"कसं वाटतंय?"

"छान आहे," मी म्हटलं. फोटोतल्या आक्का हसत नव्हत्या. पण पक्षाघातानं डावी बाजू गेल्यापासून त्यांचा चेहरा जरा ओढलेलाच असायचा.

"आणि आजचा पॅड?"

"कोरडा आहे."

"रात्रभर?"

"रात्रभर."

दादांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांना नाटकीपणा करायची सवय होती, पण तो खोटा नव्हता. दादांचे पूर्वी माग होते, दवाखान्यांना लागणारं पट्ट्यांचं कापड ते विणायचे. आक्का अंथरुणाला खिळल्या आणि बाजारात मिळणारे पॅड रात्रीतून दोनदा-तीनदा फुटायला लागले, तेव्हा या गृहस्थानं निम्मे माग विकून पॅड बनवायचं हे मशीन आणलं. वहिनी मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला होत्या. दिवसा आक्कांजवळ शेवंता नावाची बाई असायची, ती संध्याकाळी स्वयंपाक करून घरी जायची. रात्री दादा स्वतः आईचं सगळं करायचे. चादर ओली झाली की उठायचे, आईला पुसायचे, बदलायचे, कूस वळवायचे. एवढा मोठा कारखानदार, पण त्यात त्यांना कसला कमीपणा वाटायचा नाही. उलट ते सगळ्यांना सांगायचे.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली तेव्हा त्यांनी आक्कांना चाकाच्या खुर्चीतून शेडमध्ये आणलं होतं. हार-तुरे झाल्यावर माईक हातात घेऊन म्हणाले, "लोक विचारतात, हा धंदा कसा सुचला? मी या हातांनी रोज रात्री माझ्या आईचं मलमूत्र काढतो. त्यातून सुचला." सगळ्या शेडनं टाळ्या वाजवल्या. पॅकिंगच्या बायका डोळे पुसत होत्या आणि माझेही भरून आले होते. आक्कांनी उजव्या हातानं पदर ओढून तोंड झाकून घेतलं. म्हातारीला रडू आवरेना, असं सगळे म्हणाले.

अशा माणसाला नुसत्या डागावरून काय सांगायचं? मी पिशव्या बांधून ठेवल्या.

"दादा, मी जरा घरी जाऊन येते. पॅड अंगावर कसा बसतो ते एकदा बघायचंय."

"जा की. आक्काला बरं वाटेल. आणि हा नमुना दाखव तिला."

दादांचं घर कारखान्यापासून लांब नव्हतं. मी स्कूटी काढली. शेवंतानं दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा उतरला. चहा टाकते म्हणत ती आत पळाली.

आक्का खाटेवर उताण्या होत्या. खोली लख्ख, उशीचा अभ्रा शुभ्र. धडधाकट होत्या तेव्हा रोज पहाटे आंघोळ करून त्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात जायच्या. पांढऱ्या लुगड्यात, अनवाणी, वाटेत कुणाचा स्पर्श होऊ न देता. बस्ती कोपऱ्यावरच होती, पण आता आक्का कुठं जाणार?

"काय गं पोरी, आज हिकडं कशी?"

"पॅड कसा बसतो बघायला आले."

"झ्याक बसतोय. चहा पी आणि जा."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी पाकिटाचा नमुना पुढं धरला.

"ह्यो फोटो दुकानात लागनार?" त्यांनी विचारलं.

"दुकानात, दवाखान्यात, सगळीकडं."

"कोल्हापुरात बी?"

"कोल्हापूर, सांगली, बेळगाव."

आक्कांनी पाकीट उलटं करून चादरीवर पालथं ठेवलं. मला वाटलं, एका हातानं धरता येईना म्हणून पडलं. मी ते उचलून पर्समध्ये घातलं.

"आक्का, मला तुमची पाठ बघायचीय."

"पाठीला काय झालंय?"

"पॅडवर पू आहे."

चहाचा कप घेऊन आलेली शेवंता दारातच थिजली. आक्कांनी तिच्याकडं बघितलं. "शेवंता, दळन आन जा."

"दळण कालच आणलं की, आक्का."

"जा म्हटलं न्हवं?"

ती गेली.

"तू ते बघतीस व्हय? माझं रोजचं?"

"कामच आहे माझं."

"शी." त्यांनी डोळे मिटले. मग जरा वेळानं म्हणाल्या, "असू दे. बाई हाईस तू. चालतंय."

मी त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही, नुसते दात आवळले. पॅड मागून सैल केला. कमरेच्या खाली, माकडहाडावर, जखम होती. बाहेरून रुपयाएवढी, पण आत खोल गेलेली. मध्ये काळं, भोवतीची कातडी पांढरी पडून सुटत आलेली. वर हळद आणि तुपाचा लेप थापलेला. जखमेला लागूनच पॅडचा मागचा भाग, पाणी पिऊन टणक झालेला आणि अंगाच्या भारानं दबून मुठीएवढा गोळा झालेला; टेबलावर पसरला की तो गोळा दिसायचा नाही. आमच्या टेबलावर आम्ही पॅडवर सपाट लोखंडी पट्टी ठेवून दाब द्यायचो. माणसाचं हाड सपाट नसतं.

"हे कधीपासून?"

"तुझा चांगला पॅड आला तवापासून."

मला सगळं दिसायला लागलं. पूर्वी चादर ओली व्हायची म्हणून दादा रात्री उठायचे. उठायचे म्हणून आक्कांना पुसलं जायचं, वारा लागायचा, कूस बदलायची. चादर कोरडी राहायला लागली आणि दादा गाढ झोपायला लागले. बिचारे वर्षभरानं झोपत होते. आक्का संध्याकाळी शेवंतानं जशा उताण्या ठेवल्या तशाच सकाळपर्यंत पडून राहायच्या, आणि तो ओला गोळा त्यांच्या हाडाखाली. सकाळी शेवंता बदलायला यायची तेव्हा सगळं बघायची आणि हळद लावून गप्प बसायची.

"शेवंता बोलली कशी नाही?"

"तिला पोराची शपथ घातलीया मी."

"आक्का, डॉक्टरना बोलवायला पाहिजे. आत्ता."

"न्हाई."

"ही जखम हाडापर्यंत जाईल. पू रक्तात गेला तर जीव जाईल तुमचा."

"जाऊ दे की. आता काय करायचंय ठिवून?"

"म्हणजे दादांच्या धंद्यासाठी सोसताय तुम्ही?" माझा आवाज चढला. "पॅड बंद पडेल, दादांचं नुकसान होईल, म्हणून?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "व्हय. तसंच समज."

मग त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"ऐक. जन्मात कुनापुढं हात पसरला न्हाई मी. तुझ्याकडं मागतेय. भूपाला सांगू नगंस. आनि ह्यो पॅड बंद करू नगंस. एवढं कर."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. लेप पुसला, जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुतली, स्वच्छ फडकं ठेवलं आणि त्यांना कुशीवर टेकवलं. निघताना त्या दाराकडं पाठ करून होत्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "सांगितलंस तर माझं वाटोळं करशील बघ."

स्कूटीवर बसले तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही होत होती. राग आक्कांवरच आला होता. या बायकांना सोसायची खोडच असते. स्वतःचं मांस कुजतंय आणि लेकाच्या मशीनची काळजी! माझी आईसुद्धा अशीच, ताप अंगावर काढून भाकऱ्या थापणारी. सांगू नको म्हणे. का नाही सांगायचं? मला विचार करायची गरजच वाटली नाही. एक माणूस मरत होतं, दुसऱ्याला ते ठाऊक नव्हतं आणि दोघांच्या मधे मी होते.

दादा मशीनच्या तोंडाशी उभे होते. एकामागून एक पांढरे पॅड पट्ट्यावर पडत होते आणि ते कौतुकानं बघत होते. मशीनच्या आवाजात मला ओरडूनच सांगावं लागलं.

"दादा, आक्कांना जखम झालीय. पाठीला. खोल आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "पावडर! ती नवी पोती आलीत, तिनं कातडी भाजली का?"

"पावडर नाही, दादा. रात्री त्यांना कुणी हलवत नाही."

"चादर ओली होत नाही म्हणून मी..." ते बोलता बोलता थांबले. मग त्यांनी मशीनचं लाल बटण दाबलं. पट्टा थांबला, धडधड बंद झाली आणि सगळी शेड आमच्याकडं बघायला लागली.

"तिनं मला सांगितलं का नाही?"

"तुमच्या धंद्याचं नुकसान होईल म्हणून."

दादांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि गाडीकडं धावले.

संध्याकाळच्या आत आक्कांना मिरजेच्या एका खाजगी हॉस्पिटलात हलवलं. डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं. बाहेर येऊन म्हणाले, जखम हाडाला टेकलीय, ताप चढलाय, वयही झालंय, प्रयत्न करू. वेगळी खोली मिळाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा खोलीत दादांचे दोन चुलतभाऊ आणि त्यांच्या बायका होत्या. दादा आईचा हात धरून ढसाढसा रडत होते.

"आक्का, माझ्यापायी सोसलंस गं! मी झोपत होतो आणि तू सोसत होतीस. आता मी तुझ्याजवळनं हलणार नाही. नर्स नको, बाई नको. तुझं सगळं मी करणार, पहिल्यासारखं. दिवसातनं दहादा करीन."

चुलतभावाची बायको म्हणाली, "नशीब लागतं असा मुलगा मिळायला." दुसरीनं नाक पुसलं. पाहुणे उठले, आणि दादा हातमोजे नि कापूस आणायला खाली औषधाच्या दुकानात गेले.

खोलीत आम्ही दोघीच राहिलो. आक्कांनी मान वळवली. डोळे तापानं लाल झाले होते.

"बग," त्या म्हणाल्या, "काय करून ठिवलंस."

"आक्का, तुमचा जीव..."

"जीव कुनी मागितला व्हता तुला?" आवाज बारीक होता, पण शब्दन् शब्द कळत होता. "पहिल्यांदा त्यानं माझं लुगडं सोडलं ना, त्या रात्री वाटलं, आख्खी गेले असते तर बरं झालं असतं. एकच बाजू का गेली? डोळं मिटून पडायची. पन कान कसं मिटायचं? वर म्हनतोय, आक्का, लाजतीस कशाला, मी लहान असताना तू न्हाईस का केलंस? आगं, मी केलं तवा त्याला कळत न्हवतं. मला कळतंय की."

मी खाटेची दांडी धरली.

"आनि गावभर सांगतोय. त्या दिवशी तर मला खुर्चीत बसवून, माईक घिऊन, सगळ्या मानसांसमोर. मला वाटलं धरनी का फाटंना." त्यांनी दम घेतला. "मग तुझा पॅड आला. रात्रभर कुनी हात लावला न्हाई. दुखत व्हतं, व्हय. दुखू दे. तेवढ्या रात्री माझ्या व्हत्या."

पदर ओढून झाकलेलं ते तोंड माझ्या डोळ्यांपुढं आलं. चादरीवर पालथं टाकलेलं पाकीट आलं. धंद्यासाठी सोसताय का, असं मी विचारलं होतं आणि त्यांनी तसंच समज म्हटलं होतं.

"मग दादांना कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? लेकरू मायेनं करतंय. त्याच्या तोंडावर मारू?" मग डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. ते पुसायला हात उचलेना. "त्याला कळलं तर मरंल त्यो."

दार उघडलं. दादा हातमोजे चढवतच आत आले. कोपऱ्यातलं गरम पाण्याचं भांडं त्यांनी उचललं, खाटेजवळ आणलं आणि पडदा ओढला.

"सरक, शैलजा. बदलायची वेळ झाली."

मी सरकले नाही. मी खाट आणि दादा यांच्या मधे उभी राहिले. हा माणूस माझा मालक होता. त्याहून वाईट म्हणजे तो चांगला माणूस होता.

"दादा, तुम्ही बाहेर थांबा."

"का?"

"मी सिस्टरना बोलावते. आम्ही दोघी करतो."

"अगं, मला सवय आहे. मी मुलगा आहे तिचा."

"म्हणूनच."

त्यांना ते समजलं नाही. ते हसलेसुद्धा, माझी समजूत काढल्यासारखे. मग माझ्या खांद्यावरून त्यांनी आईकडं बघितलं. आक्कांनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. उजव्या हातानं कमरेवरच्या चादरीची कड मुठीत धरली होती. ताप असलेल्या, अन्नाचा कण पोटात नसलेल्या म्हातारीच्या मुठीत एवढी ताकद कुठून येते कोण जाणे. बोटांची पेरं पांढरी पडली होती. रोज रात्री ती मूठ तशीच असणार. दादांचं लक्ष चादरीकडं असायचं, पॅडकडं असायचं. मुठीकडं त्यांनी बहुतेक त्या दुपारी पहिल्यांदा बघितलं.

ते बघतच राहिले. हातातलं भांडं कललं आणि पाणी त्यांच्या पायावर सांडलं, तरी त्यांना कळलं नाही. मग त्यांनी भांडं खाली ठेवलं, एक-एक बोट ओढत हातमोजे काढले, पडदा सारला आणि बाहेर गेले. जाताना त्यांनी दार इतकं हळू लावलं की आवाजसुद्धा आला नाही.

"लावलं दार?" आक्कांनी भिंतीकडंच तोंड ठेवून विचारलं.

"लावलं."

"कडी?"

"इथल्या दाराला कडी नाही, आक्का. मी पाठ लावून उभी राहते. सिस्टर करतील."

मूठ हळूहळू सुटली.

त्यानंतर दादा त्या खोलीत दार वाजवल्याशिवाय गेले नाहीत. स्वतःच्या आईच्या दारावर हा माणूस टकटक करायचा आणि आतून "ये" ऐकू येईपर्यंत उभा राहायचा. आत गेला की दोघं बोलायची, बस्तीतल्या नव्या फरशीबद्दल, नातीच्या परीक्षेबद्दल. बदलायची वेळ झाली की दादा न सांगता उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे. एकदा मी त्यांच्या शेजारी बसले.

"पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. "हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते त्यांच्याकडंच बघत होते.

आक्का वाचल्या नाहीत. पू रक्तात गेला होता आणि औषधं थकली. मी आठ दिवस आधी मागचा भाग बघितला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. घरी आणल्यावर बायकांनी त्यांना शेवटची आंघोळ घातली. दादा अंगणात, बंद दाराकडं पाठ करून उभे होते. लोकांना वाटलं, बघवत नाही बिचाऱ्याला. शेवंता माझ्या शेजारी उभी राहून लुगड्याची घडी उकलत होती आणि पोराचं नाव घेऊन पुटपुटत होती. मी तिला जवळ घेतलं.

काही दिवसांनी दादा माझ्या त्या पत्र्याच्या खोलीत आले. मी पर्समधून काढून ठेवलेला पाकिटाचा नमुना टेबलावर तसाच पडला होता. त्यांनी माझा कटर उचलला, आक्कांचा फोटो चौकोनी कापून काढला आणि खिशात घातला. स्वतःचा हात असलेली बाजू वगळून कापला होता.

"नवीन पाकीट कर," ते म्हणाले. "साधं. फोटो नको, ती ओळही नको. मागच्या बाजूला मात्र मी सांगतो ते छापायचं."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. बेळगावचा विक्रेता ते वाचून हसला. म्हणाला, चौगुले, रात्रभर कोरडा राहतो असं लिहा, लोकांना तेवढंच पाहिजे असतं. दादा म्हणाले, माल घ्यायचा तर घ्या. त्यानं घेतला नाही, आणखीही बऱ्याच जणांनी घेतला नाही. कारखाना नावारूपाला आलाच नाही, नुसता चालू राहिला. मी लग्न होऊन सांगलीला गेले. दादांचा फोन कधीमधी यायचा, तोही पुढं बंद झाला.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांसाठी पॅड घ्यायला मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं दोन-तीन पाकिटं काढून काउंटरवर ठेवली. एक साधं निळं होतं. मी तेच उचललं आणि सवयीनं उलटं केलं.

"माल चांगला आहे," दुकानदार म्हणाला. "पण मागं काहीतरी भलतंच छापतात बघा."

मी चष्मा लावून वाचलं. अक्षरं बारीक होती, पण शब्द तेच होते. ‘कोरडा वाटला तरी बदलावा. बदलताना दार लावून घ्यावे.’

"पहिलं समजलं," तो म्हणाला. "पण दार कशाला लावायचं? आजारी माणसाला वारं लागू नये म्हणून असेल, नाही का?"

"हो," मी म्हटलं, "तसंच समजा." आणि पाकीट पिशवीत घातलं.